मेंढपाळाचा एक दिवस



रागाला कथानक लागत नाही, असे जाणते लोक सांगत आले. 1967 साली 'एच.एम.व्ही.'ने काढलेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेने मात्र काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस रागांतून सांगितला. अहिरभैरव-नटभैरवाने उजाडते, मग पिलू, भूप, देस आणि अखेर पहाडी.

तिच्यामागे जी. एन. जोशी होते. मराठी भावगीताच्या आरंभकाळी 'शीळ' घरोघरी पोहोचविणारा हा गायक त्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत असे. त्यांनी जमविलेले वादक तिशीच्या आसपासचे: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर.

बासरीला पन्नालाल घोषांनी मैफलीत मान मिळवून दिला होता. गिटारवर सिनेमाचा शिक्का, आणि संतूर तर काश्मीरच्या सूफियाना संगीतातले वाद्य. 1955 मध्ये शिवकुमारांनी ते मुंबईत वाजविले, त्यानंतर आक्षेप येत राहिला तो हा, की यात मींड नाही. आक्षेप खोटा नव्हता. कलमाचा आघात होताच स्वर उमटतो आणि विरू लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणे साधावे कसे? शिवकुमारांनी तारांची मांडणी बदलली, तिवईवरचे वाद्य मांडीवर घेतले, कलम तारेवर हलकेच घसरवून स्वर लांबविला. तरी उणीव थोडी उरलीच.

या ध्वनिमुद्रिकेत ती उणीवच कामास आली. संतूर थेंबाथेंबाने स्वर टाकते; त्या थेंबांमधली जागा गिटारची सरकती पट्टी आणि बासरीचा श्वास भरून काढतात. तिघांपैकी कोणी एकटा असता, तर ही रचना झालीच नसती.

पहाटेचा आणि रात्रीचा राग एकाच बैठकीत, तोही चहा घेता घेता ऐकावयाचा, हे समय पाळणाऱ्याला खटकावे असेच आहे. पाऊण तासाच्या आत इतके राग. आलापाला उसंत कोठली? ही तक्रार मलाही बरीचशी मान्य आहे. भूपाची ओळख करून घ्यावयाला येथे कोणी जाऊ नये. पण ज्या घरांत ख्याल कधी शिरला नव्हता, तेथे ही मुद्रिका शिरली, परदेशांतही गेली. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी पुढे 1981 च्या 'सिलसिला'ला 'शिव-हरी' या नावाने संगीत दिले. काबरा 2018 मध्ये आणि शिवकुमार 2022 मध्ये निवर्तले.

रात्री ऐकताना मी अजूनही सुई उचलून थेट देसावर ठेवतो.