रूपसाम्य आणि कुळनाते

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने फुलपाखरांवर बोलावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु माझा खरा विषय वर्गीकरण हा आहे, आणि शंभर वर्षे पुस्तके लावीत आलेल्या या वास्तूत तो परका नाही. आपल्याकडील कित्येक जुन्या पुस्तकांची बांधणी एकाच रंगाच्या कापडात झालेली आहे. पाठीवरून पाहिले तर ती सारी एका घरची वाटतात. आतले पान उघडले की एक नाटक निघते, दुसरे वैद्यक.

चपळ फुलपाखरांचे, म्हणजे इंग्रजीतल्या स्किपरांचे, नेमके असेच आहे. जाड अंगाची, बहुधा तपकिरी, आकडीसारख्या टोकाच्या शृंगिका असलेली ही फुलपाखरे एका जागेवरून दुसऱ्या जागी झेप घेतल्यासारखी उडतात. त्यांच्या अभ्यासाचा एक धागा भारतातून जातो. शिलाँगला १८७६ साली जन्मलेले ब्रिगेडियर विल्यम हॅरी इव्हान्स हे सैन्यातले अभियंते होते. भारतीय फुलपाखरे ओळखण्यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिला आणि निवृत्तीनंतर लंडनच्या संग्रहालयात बसून जगभरच्या चपळ फुलपाखरांची सूची केली. केवळ अमेरिका खंडातील फुलपाखरांवरचे त्यांचे चार भाग १९५१ ते १९५५ या काळात निघाले. पंखांबरोबरच जननेंद्रियांची घडणही त्यांनी विचारात घेतली.

ही घडण पाहणे सोपे नसते. कीटकाचे वाळलेले पोट क्षाराच्या द्रावणात मऊ करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील कठीण भाग सोडवावे लागतात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे जॉन बर्न्स यांनी या कामात आयुष्य घालविले. पंखांवरून ‘ड्रेफॅलिस’ या प्रजातीत बसविलेली काही देखणी फुलपाखरे शरीररचनेने त्या प्रजातीपासून फार दूरची आहेत, असे त्यांना आढळले. तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली आणि तीन जातींची एक नवी प्रजाती स्थापिली. तिचे नाव ‘स्यूडोड्रेफॅलिस’, म्हणजे ‘तोतया ड्रेफॅलिस’!

मग शरीररचना हाच अखेरचा शब्द समजावा काय? येथे कथेला वळण मिळते. कोस्टारिका देशाच्या वायव्येस ग्वानाकास्ते नावाचे संरक्षित अरण्य आहे. तेथे डॅनियल जॅन्झेन, विनी हॉलवॉक्स आणि त्यांनी शिकवून तयार केलेली आसपासची खेडूत मंडळी यांनी रानातून सुरवंट आणून वाढविले. कोणता सुरवंट कोणत्या झाडावर, कोणत्या दिवशी सापडला, याची प्रत्येकाची नोंद ठेवली. १७७५ साली नामकरण झालेल्या ‘फल्जेरेटर’ या निळसर झाकेच्या फुलपाखराचे सुरवंट निरनिराळ्या रंगांचे आणि निरनिराळ्या झाडांवर जगणारे निघाले. प्रौढ फुलपाखरे मात्र जवळजवळ सारखी, आणि जननेंद्रियांतही भेद नाही! पॉल हेबर्ट यांच्या साहाय्याने डीएनएचा एक छोटा तुकडा तपासला, तेव्हा २००४ साली निष्कर्ष आला, की या एका नावाखाली त्या अरण्यात किमान दहा जाती नांदत आहेत.

यावर वादही झाला. अँड्र्यू ब्रॉवर यांनी २००६ मध्ये तीच सामग्री पुन्हा तपासली आणि त्यातून तीन ते सात गटच सिद्ध होतात, असे मांडले. मला हा वाद हितकर वाटतो. डीएनए ही देववाणी नव्हे. तीही एक साक्ष आहे आणि साक्षीची उलटतपासणी झालीच पाहिजे.

पुढे २०१९ मध्ये निक ग्रिशिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चपळ फुलपाखरांच्या २५० जातींचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले. नऊ नव्या प्रजाती स्थापाव्या लागल्या. दिसायला सारखी असणारी कित्येक फुलपाखरे दूरची ठरली, तर अगदी वेगळी दिसणारी काही सख्खी निघाली. विशेष म्हणजे, जनुकांनी दाखविलेल्या नात्यांना शरीररचनेतील काही खुणांनीही दुजोरा दिला. नव्या साधनाने जुन्याला हद्दपार केले नाही. त्याचे कोठे ऐकावे, एवढे शिकविले.

नावांची ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. दहा जाती एकच मानल्या, तर त्यांच्यापैकी एकीचे झाड तोडले गेल्याचे दुःख कोणाला होणार? ‘फुलपाखरू तर पुष्कळ दिसते’ असे म्हणत आपण एक जात गमावून बसू. ज्याला नाव नाही, त्याच्या नाशाची नोंदही होत नाही.

एक खंत सांगून थांबतो. मी ज्या महाविद्यालयात शिकविले, तेथे एका दिवंगत अध्यापकाने जमविलेली फुलपाखरांची पेटी होती. डागडुजीच्या वेळी टाचण्यांखालच्या पिवळ्या चिठ्ठ्या कचरा समजून काढल्या गेल्या. त्या वेळी मीही तेथे उभा होतो. मला त्यांचे मोल कळले नाही. आज त्या फुलपाखराच्या एका वाळक्या पायातून कदाचित त्याचे कुळ कळेल. पण ते कोणत्या रानातले, कोणत्या वर्षीचे, हे आता कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही.

आपल्या ग्रंथालयाची जुनी दाखल नोंदवही मी परवा पाहिली. पुस्तक कोणी दिले, कधी दिले, सारे त्यात आहे. पुस्तकांइतकीच ती वही जपा, एवढीच माझी विनंती आहे. पुढे कोणते प्रश्न विचारले जातील, हे आपल्याला आज ठाऊक नाही. पण उत्तरे त्या वहीतूनच शोधावी लागतील.