जुनी बेकरी : एक उपेक्षित स्मारक
(महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी देवालयाच्या इतिहासावर बोलावे, असा प्रघात आहे. आज मात्र मी आपले लक्ष एका निराळ्या वास्तूकडे वेधू इच्छितो. ती म्हणजे गावातील बंद पडलेली बेकरी. कासार आंबोली या नावातच एका कारागीर वर्गाची स्मृती टिकून राहिली आहे; तेव्हा हातांच्या कामाची थोरवी येथील श्रोत्यांस निराळी सांगावयास नको.

बेकरीस कळस नसतो, कोरीव खांब नसतात. धुराने काळवंडलेल्या भिंती, एक धुराडे आणि विटांची घुमटाकार भट्टी, एवढेच तिचे वैभव. मग ती राखावी कशासाठी? माझे उत्तर असे की, आपल्या समाजातील एक मोठे भय जेथे हळूहळू विरून गेले, असे ते स्थान होय.

'पाव' हा शब्द मूळचा पोर्तुगीज. गोवे शहर १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि पुढे साष्टीतील माजोर्डे गावच्या ख्रिस्ती लोकांस जेझुइट धर्मगुरूंनी पाव भाजण्याची विद्या शिकविली, असे परंपरा सांगते. पीठ आंबविण्यास माडी वापरीत. गोव्यात पाववाल्यास आजही 'पोदेर' म्हणतात.

परंतु हाच पाव एके काळी पुष्कळांस विषासमान वाटे. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोक ते पाणी प्याले आणि सारा गाव बाटला, अशा कथा आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांची शहानिशा इतिहासकारांनी करावी. आपण एवढेच ध्यानी घ्यावे की, अन्नाच्या एका तुकड्याने माणूस आप्तांस कायमचा मुकतो, अशी त्या काळी समजूत होती. ज्यांच्या घरचे दरवाजे असे बंद झाले, त्यांच्या दुःखाचा विचार आपण ख्रिस्ती लोकांनीही प्रामाणिकपणे केला पाहिजे.

हे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल. पण १८९० साली खुद्द पुण्यात काय घडले? पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. ही वार्ता बाहेर फुटताच शहरात केवढे वादळ उठले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. एवढ्या थोर पुरुषांची ही गत, तर सामान्यांची काय कथा?

त्याच महाराष्ट्रात आज वडापाव आणि मिसळपाव खाताना पीठ कोणी मळले, हे कोणी विचारीत नाही. हा पालट केवळ व्याख्यानांनी घडला नाही. गोव्याच्या ख्रिस्ती पोदेराने, इराणी बेकरीवाल्याने आणि पहाटेपूर्वी भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या नाना धर्मांच्या मजुरांनी तो घडविला. मुंबईची कयानी १९०४ ची, मेरवान १९१४ ची. पुण्याची कयानी बेकरी १९५५ ची. अशा दुकानांतून लोकांच्या जिभेस जी गोडी लागली, तिने रूढीचा गड पोखरला.

आता या भट्ट्या विझत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. मी त्या आदेशास विरोध करीत नाही. धूर प्रथम शिरतो तो भट्टीजवळच्या मजुराच्याच छातीत, आणि कोणतेही स्मारक माणसाच्या श्वासाहून मोलाचे नाही. परंतु अग्नी विझला म्हणून भट्टीही फोडावी, असे कोठे आहे?

त्या भट्टीची रचना पाहा. आत लाकडे जाळून विटा तापवितात. निखारे बाजूस सारून, लांब दांड्याच्या लाकडी फळीने पाव आत सरकवितात. विटांनी साठविलेली धग तासन् तास टिकते. प्रखर आचेत पाव निघतात आणि आच उतरत गेली की बिस्किटे व नानकटाई. वाया काहीच जात नाही. ही विद्या ग्रंथांत क्वचितच सापडते. ती कारागिरांच्या हातांत असते आणि हात थकले की लोपते.

म्हणून माझी विनंती अशी. कोणत्याही गावी जुनी बेकरी पाडण्याची वेळ आली, तर निदान भट्टीचे मोजमाप घ्यावे, छायाचित्रे काढावी, वृद्ध कारागिरांस बोलते करून त्यांचे शब्द लिहून ठेवावे. शक्य असेल तेथे भट्टी जागीच राखून इमारतीस नवा उपयोग द्यावा. केवळ दर्शनी भिंत ठेवून भट्टी फोडणे म्हणजे वेदी काढून घंटाघर राखण्यासारखे आहे.

बंधूंनो, बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थच मुळी 'भाकरीचे घर' असा आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण नित्य भाकर मागतो, आणि तीही 'मला' नव्हे, 'आम्हांस' द्यावी म्हणून मागतो. त्या 'आम्हांस' या शब्दात शेजाऱ्यांस सामावून घेण्यास आपल्या समाजाला शतके लागली. ज्या विटांनी त्या कामी आपली ऊब दिली, त्यांचे ऋण आपण विसरू नये.