शेगडीजवळची काच

तापलेल्या धातूशी ज्यांचा रोजचा परिचय आहे अशी कुटुंबे जबलपूर शहरात पुष्कळ आहेत. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. या कारखान्यांतून काम केलेल्या मराठी माणसांना ‘पोलादाला पाणी देणे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तथापि त्यांच्याच घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर, ‘पाणी दिलेली’ काच येऊन बसली आहे, याची जाणीव मात्र फारशी कोणास नसते. कढईवरचे पारदर्शक झाकण, भाजी चिरण्याचा काचेचा पाट, शेगडीचा काळाभोर चकचकीत पृष्ठभाग आणि शेगडीच्या वरच्या अंगास बसविलेली काचेची फळी, या साऱ्या वस्तू बहुधा अशाच काचेच्या असतात.

काच उष्णतेने तडकते, ही समजूत अर्धीच खरी आहे. काचेचा जन्मच मुळी भट्टीत होतो. काच तडकते ती तिच्या दोन भागांतील उष्णतामानाच्या फरकामुळे. काचेतून उष्णता फार मंदगतीने वाहते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हा वेग सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतकाच पडतो. त्यामुळे काचेचा एक भाग तापतो, फुगतो आणि शेजारचा भाग जागच्या जागी राहतो. वाळू, सोडा व चुना यांपासून केलेल्या साध्या काचेचा ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापला, तर तो सुमारे पाव मिलिमीटरने वाढतो. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. परंतु काच लवत नाही आणि वाकतही नाही. तिला हा ताण मोडूनच मोकळा करावा लागतो. साध्या काचेस सुमारे ४० अंशांचा फरक एकाएकी सोसवतो, त्यापलीकडे तिचा भरवसा धरता येत नाही. जबलपुरात जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा सकाळी दगडी ओटा किती गार असतो आणि उकळत्या आमटीवरून उचललेले झाकण किती तापलेले असते, याचा हिशेब कोणासही करता येईल.

यातही एक भेद आहे. गार काचेत गरम पदार्थ ओतण्यापेक्षा तापलेल्या काचेवर गार पाणी पडणे अधिक घातक ठरते. पाणी पडताच काचेचा पृष्ठभाग आकसू पाहतो आणि आतला तप्त भाग त्यास आकसू देत नाही. साहजिकच पृष्ठभागावर ओढ पडते. काच दाब पुष्कळ सोसते, ओढ मात्र फारच थोडी सोसते. शिवाय बारीकसारीक ओरखडे पृष्ठभागावरच असतात आणि तडा तेथूनच धावतो. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील ज्या घरांत पेटत असे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक होते. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडू देऊ नये, असे ती माणसे मुलांना बजावीत.

रेल्वेसही हीच अडचण जगभर भेडसावीत होती. १८७० साली मुंबई व कलकत्ता येथून निघालेले दोन लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाले. अशा मार्गांवर रात्रीचा सारा कारभार कंदिलांवर चाले, आणि भर पावसात सिग्नलची काच तडकणे म्हणजे अपघातास निमंत्रणच. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत काचेत बोरॉनचे संयुग मिसळून असे मिश्रण सिद्ध केले, की त्याचे प्रसरण साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके राहिले. अमेरिकेतील कॉर्निंगच्या कारखान्याने रेल्वेच्या कंदिलांसाठी याच जातीची काच केली. ती स्वयंपाकघरात कशी शिरली, त्याची हकीकत मनोरंजक आहे. कॉर्निंगमधील भौतिकीचे अभ्यासक जेसी लिटलटन यांनी १९१३ च्या सुमारास अशा काचेच्या विद्युतघटाच्या पात्राचा तळ कापून घरी नेला आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजून दाखविला. १९१५ साली ‘पायरेक्स’ हे नाव बाजारात आले. भारतात कॉर्निंगच्याच सहकार्याने १९६२ साली ‘बोरोसिल’ची स्थापना झाली.

परंतु नाव हा काही काचेच्या जातीचा पुरावा नव्हे. अमेरिकेत पुढील काळात ‘पायरेक्स’ नावाखाली सोडा-चुन्याची टफन्ड काच विकली जाऊ लागली. खरेदी करताना ‘बोरोसिलिकेट’ आणि ‘टफन्ड’ यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे, हे पाहावे; हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

टफन्ड काच म्हणजेच पाणी दिलेली काच. १८७४ साली फ्रान्समधील द ला बास्ती याने तापलेली काच तेलात बुडवून ती बळकट करण्याची युक्ती काढली. आजच्या पद्धतीत काच सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ओढीखाली राहतो. अशी काच सुमारे २०० अंशांचा फरक पेलू शकते. पण पोलाद आणि काच यांतील साम्य येथे संपते. एखादा टवका किंवा खोल ओरखडा गाभ्यापर्यंत पोहोचला, की आत कोंडलेली सारी शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि संपूर्ण काचेचा चुरा होतो. टवका आज उडावा आणि काच तीन आठवड्यांनी फुटावी, असेही घडते. क्वचित प्रसंगी निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण काचेत राहून गेलेला असतो; तो कालांतराने फुगतो आणि कोणी हातही न लावता काच फुटते. घरातील माणसे मग दृष्ट लागल्याचे बोलतात, ते समजण्यासारखे आहे.

सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे जागा वाचावी म्हणून शेगडीवरच ठेवलेला काचेचा पाट. चुकून खालचा बर्नर पेटला किंवा नुकताच विझलेला असला, तर पाटाचा मध्यभाग तापतो, कडा गार राहतात, आणि ओढ नेमकी कडांवर येते. टवके उडालेले असतात तेही कडांनाच. प्रेशर कुकरच्या आतील उष्णतामान १२० अंशांच्या घरात असते. त्याचा जड तळ आचेवरून उचलून थेट काचेवर टेकविणे हाही त्याच जातीचा प्रमाद होय. काचेच्या शेगडीवर बर्नरच्या मानाने फार मोठा तवा ठेवला, तर ज्योत तव्याखालून बाहेर पसरते आणि उष्णता काचेवर परतते. शेगडी तापलेली असताना तिच्यावर ओले फडके फिरविणे ही आणखी एक सर्रास सवय आहे. झाकणाच्या बाबतीत त्याची मूठ प्रमाणाबाहेर आवळू नये, वाफेचे छिद्र बुजू देऊ नये, आणि कडेला टवका दिसताच ते झाकण वापरातून काढावे. ते अजून चांगले दिसते, हे कारण पुरेसे नाही. शेगडीच्या वरची काचेची फळी तर तेथे नसावीच.

काच फुटलीच, तर प्रथम गॅस रेग्युलेटरपाशी बंद करावा. टफन्ड काचेचे तुकडे बोथट असतात असे म्हणतात. ते घरंगळतात दूरवर, आणि आपल्याकडे स्वयंपाकघरात माणसे अनवाणी वावरतात. म्हणून आधी चपला, मग केरसुणी. मुलांना खोलीबाहेर ठेवावे. जवळ उघडे असलेले अन्न, कितीही असले तरी, टाकून द्यावे. गाळून किंवा निवडून ते खाण्याजोगे होत नाही. भाजले असल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, त्यावर तूप, हळद वा दंतमंजन लावू नये. तुकडे पूर्ण निवाल्यावर गोळा करावेत, कारण ते काही वेळ तडतडत राहतात, आणि जाड कागदात बांधून वर ‘काच’ असे ठळक लिहावे, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हातास इजा होणार नाही.