येशूवरचं मीम आणि मामूंचा प्रश्न



‘धर्म आणि विनोद’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आपलाच धर्म असणार. मी मात्र आज बराचसा वेळ ख्रिस्ती धर्मावर बोलणार आहे. कारण या विषयावर आपल्याला जी दोन वाक्यं हमखास ऐकवली जातात, ती दोन्ही ख्रिश्चनांपासूनच सुरू होतात. एक बाहेरून येतं : “येशूवर एवढी मीम्स होतात, कुणी रस्त्यावर उतरतं का? तुम्हालाच काय होतं?” दुसरं आपल्याच माणसांकडून, कधी जुम्म्याच्या बयानात ऐकू येतं : “त्यांनी थट्टा खपवून घेतली, म्हणून त्यांची चर्च ओस पडली.” दोन्ही वाक्यांत एकच समजूत आहे, की ख्रिस्ती माणूस मुळातच थंड डोक्याचा किंवा मुळातच कच्च्या ईमानाचा. इतिहास वेगळं सांगतो.

रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर खरवडून काढलेलं एक चित्र १८५७ साली सापडलं. साधारण अठराशे वर्षांपूर्वीचं. क्रुसावर एक आकृती आहे, तिचं डोकं गाढवाचं. बाजूला एक माणूस हात उंचावून उभा आहे. खाली ग्रीकमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ असा : अलेक्सामेनोस देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या येशूची जी अगदी जुनी चित्रं जगात उरली आहेत, त्यांतलं हे एक, आणि ते टवाळीचं आहे. वर चित्र, खाली एक ओळ, समोरच्याचं नाव घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं त्याचीच ही रचना. तेव्हा ख्रिस्ती मूठभर होते, संशयाखाली होते, आणि हसणारे सत्तेच्या बाजूचे होते. त्याच इमारतीत दुसऱ्या एका खोलीत लॅटिनमध्ये त्या माणसाच्या नावापुढे ‘फिडेलिस’ असं कोरलेलं आहे. आपल्या भाषेत, अलेक्सामेनोस ईमानवाला.

पुढे हेच ख्रिस्ती राज्यकर्ते झाले आणि पारडं फिरलं. १६९७ साली एडिंबरामध्ये थॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेसाठी फाशी दिलं. वय वीस. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं आज तेवढंच आहे. त्याच्यावर आरोप बरेच होते, पण एक गोष्ट हटकून सांगितली जाते. थंडीच्या रात्री मित्रांबरोबर चालताना तो म्हणाला होता, नरकात असतो तर बरं झालं असतं, निदान ऊब मिळाली असती. कट्ट्यावर आपण याहून जास्त बोलतो. मित्रांनीच साक्षी दिल्या.

ही फार जुनी गोष्ट झाली असं म्हणाल, तर इंग्लंडात एका कवितेवरून एका नियतकालिकाच्या संपादकाला धर्मनिंदेची शिक्षा झाली ती १९७७ साली. दोनच वर्षांनी ‘लाइफ ऑफ ब्रायन’ हा विनोदी सिनेमा आला. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या ब्रायनला लोक मसीहा समजून बसतात, अशी त्याची गंमत. खुद्द येशू त्यात अदबीनंच दाखवलेला आहे, हसायचं ते आंधळ्या अनुयायांना. तरी नॉर्वेत आणि आयर्लंडमध्ये त्यावर बंदी आली, ब्रिटनमधल्या कित्येक नगरपालिकांनी तो दाखवू दिला नाही. १९८८ मध्ये येशूवरच्या दुसऱ्या एका सिनेमावरून, तो विनोदी नव्हता, पॅरिसमध्ये कडव्या कॅथलिकांनी थिएटरला आग लावली, माणसं होरपळली. इंग्लंड-वेल्समधला धर्मनिंदेचा कायदा रद्द झाला २००८ साली. तोवर यूट्यूब सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. आणि तो कायदा होता तोवर फक्त ख्रिस्ती धर्मालाच संरक्षण देत होता, हेही लक्षात ठेवा. तेव्हा ‘ते मुळातच तसे’ हे बाद. ते तसे झाले, भांडून झाले, आणि भांडणारे बरेचसे त्यांच्यातलेच होते.

आता माझी आवडती गोष्ट. स्पेनमध्ये बोर्हा नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या भिंतीवर १९३० च्या सुमाराचं येशूचं एक चित्र होतं. चित्र काही फार थोर नव्हतं. ओल लागून त्याचे पोपडे सुटायला लागले होते. सेसिलिया हिमेनेझ या ऐंशी ओलांडलेल्या बाई तिथं नेमानं जाणाऱ्या, हौशी चित्रकार. येशूची ती दशा त्यांना बघवेना, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच रंग-ब्रश घेतले. काम अर्धवट असतानाच त्याचा फोटो जगभर गेला. चेहरा माकडासारखा झाला होता. ऑगस्टचा तो महिना साऱ्या इंटरनेटनं त्या चेहऱ्यावर काढला. कुणी तो मोनालिसाला लावला, कुणी आपल्या मांजराला.

आपण तो फोटो हसत पुढे पाठवत होतो तेव्हा त्या आजीबाईंनी अंथरूण धरलं होतं. ज्या येशूवर त्यांचं प्रेम, त्याच्याच चेहऱ्याचं आपल्या हातून हे झालं आणि जग हसतंय! देवाची तौहीन झाली की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ होते. या बाईचं काय झालं, हे विचारणारे त्या पहिल्या आठवड्यात कमी होते.

पण गाव त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. चित्र तसंच ठेवा, अशी मागणी हजारो लोकांनी केली. बघायला लोक येऊ लागले, चार वर्षांत दीड लाखाहून जास्त. चर्चनं छोटंसं तिकीट लावलं. तो पैसा ज्या संस्थेकडे जातो, ती गावातला वृद्धाश्रम चालवते. बाई पुढे आलेल्या लोकांबरोबर फोटो काढून घेत.

आणखी एक. त्या चित्राचं नाव ‘एक्के होमो’, म्हणजे ‘हा पाहा तो माणूस’. बायबलमधला प्रसंग असा आहे : शिपायांनी येशूला जांभळा झगा चढवला, डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवला, ‘यहुद्यांच्या राजाचा विजय असो’ म्हणून खिदळले, आणि मग तशा अवतारात त्याला गर्दीपुढे उभं केलं. म्हणजे मूळ चित्रच मुळी थट्टेचं होतं. ज्यांच्या पवित्र ग्रंथातच ही थट्टा लिहिलेली आहे, त्यांच्याकडे ती पचवायचं काहीतरी साधन आहे, असं मला वाटतं. ते वापरलं जातंच असं नाही. पण आहे.

हल्ली तर चर्च स्वतःच खेळात उतरतं. व्हॅटिकननं २०२५ च्या जयंतीवर्षासाठी २०२४ मध्ये ‘लूचे’ नावाची बाहुली आणली. निळे केस, पिवळा रेनकोट, चिखलानं माखलेले बूट, थेट जपानी कार्टूनमधून उचलल्यासारखी. दोन दिवसांत पोरांनी तिची शेकडो चित्रं काढली. त्यातली काही अजिबात सभ्य नव्हती. व्हॅटिकननं बाहुली मागे घेतली नाही.

मग आपल्या मुंबईत काय होतं? २०१२ मध्येच, विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या एका चर्चबाहेर क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी टपकायला लागलं. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडमरुकू यांनी पाहणी करून सांगितलं, की गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय. हा विनोदसुद्धा नव्हता. नळदुरुस्तीवाला सांगेल एवढंच ते होतं. कलम २९५ अ खाली तक्रारी झाल्या आणि एडमरुकू फिनलंडला निघून गेले. २०१५ मध्ये एआयबीला त्यांच्या कार्यक्रमातल्या येशूवरच्या विनोदांसाठी ख्रिस्ती समाजाची बिनशर्त माफी मागावी लागली. धर्म तोच, बायबल तेच, मग बोर्हात हसू आणि इर्ल्यात एफआयआर का? कंधमालची घरं २००८ मध्ये जळाली होती. जो समाज कधीही पेटवला जाऊ शकतो, त्याला पुढचा विनोद हा पुढच्या दगडाआधीचा आवाज वाटतो. एडमरुकूंवर झालं ते मला मुळीच मान्य नाही. त्यामागची भीती मात्र ओळखीची वाटते. आणि ते २९५ अ आलं १९२७ मध्ये, लाहोरच्या एका पुस्तकावरून मुसलमानांमध्ये उठलेल्या संतापानंतर. आज तीच तरतूद, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ म्हणून, कुणावरही, आपल्याही पोरांवर, लावता येते.

एक अडचणीचा प्रश्न विचारतो. क्रुसाबद्दल आपली मान्यता वेगळी आहे, पण ईसा अलैहिस्सलाम आपलेही पैगंबर आहेत. हजरत मरियमच्या नावाची सूरह आपल्या कुरआनात आहे. तरी येशूचं मीम आपण बिनदिक्कत पुढे पाठवतो. का? कारण तो ‘त्यांचा’ वाटतो. मग आपल्याला जे दुखतं ते अकिद्यामुळे दुखतं, की ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ यामुळे?

शेवटचं सांगतो. मागच्या वर्षी एका शिबिरात आपल्यातल्याच एका मुलीनं निकाहावर पाच मिनिटांचा विनोदी कार्यक्रम केला. मेहेर किती यावर वडीलधारे घासाघीस करतात आणि नवरीला कुणी विचारतच नाही, असा. पुढच्या रांगेतल्या खाला डोळे पुसत हसत होत्या. व्हिडिओ नेटवर गेला आणि तिच्या मामूंचा फोन आला. शरीयत, गुनाह यांतलं एक अक्षर ते बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं : “बेटा, हे ‘त्या’ लोकांनी बघितलं तर?”

मामूंचा प्रश्न खोटा नाही. तिचा एक तुकडा कापून, वर भलताच मथळा लावून दोन ग्रुपांवर फिरलाही होता. तिनं व्हिडिओ काढून टाकला. आता ती तो कार्यक्रम मेंदीच्या रात्री करते, बायकांमध्ये, दार लावून. मला विचाराल तर तो परत नेटवर यायला हवा. पण त्यासाठी तुकडा फिरवणाऱ्याला उत्तर देणारे आणि मामूंच्या शेजारी बसून त्यांच्याशी बोलणारे, असे दोन्ही लोक लागतील, आणि त्या दिवशी ती एकटी होती. ती आज इथं, मागच्या रांगेत बसली आहे. तिनंच मला हे सांगायची परवानगी दिली. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला तिला विचारा.