साहेबावर हसणे आणि युद्ध थांबवणे



या व्याख्यानमालेत आपण वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय ऐकत आला आहात. आज आम्ही बोलणार आहोत तो विषय एका अमेरिकन चित्रपटाचा, आणि त्यातही विनोदी चित्रपटाचा आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने चित्रपटावर काय बोलावे, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात व सार्वजनिक वाचनालयात फार झाले. कॅमेऱ्याची परिभाषा आम्हांस येत नाही. पण साहेबावर हसणे म्हणजे काय, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहत आहोत. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

चित्रपटाचे नाव ‘मॅश’. तो १९७० साली निघाला. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन. कथा कोरियाच्या युद्धातील एका फिरत्या लष्करी शस्त्रक्रिया-इस्पितळाची. अशा इस्पितळांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जोडून ‘मॅश’ हा शब्द झाला. मूळ कादंबरी १९६८ ची. ती लिहिणारा रिचर्ड हुकर हा टोपणनाव घेतलेला शस्त्रवैद्यच होता आणि त्याने स्वतः कोरियात अशाच इस्पितळात काम केले होते. चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकेचे व्हिएतनाममधील युद्ध ऐन भरात होते. प्रेक्षकांच्या मनात व्हिएतनामच यावे ही दिग्दर्शकाची इच्छा. म्हणून चित्रनिर्मिती कंपनीने, हे कोरियाचे युद्ध आहे असा खुलासा आरंभी घालावयास लावला. लोकांना समजावयाचे ते समजलेच.

ही इस्पितळे म्हणजे काय होते, हे आधी पाहू. आघाडीपासून थोड्याच अंतरावर तंबू ठोकायचे, जखमींना तेथे आणून ताबडतोब शस्त्रक्रिया करायची, आणि आघाडी सरकली की तंबू गुंडाळून तिच्या मागे जायचे. लहान हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून जखमी आणीत. दुसऱ्या महायुद्धात हातापायाची मुख्य धमनी तुटली तर बहुधा ती बांधून टाकीत आणि अशा जवळजवळ निम्म्या जखमींचा तो अवयव कापावा लागे. कोरियात धमनी शिवून जोडण्याची पद्धत रुळली आणि हे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास आले. आपल्या देशाने त्या युद्धात लढाऊ पलटण धाडली नाही. धाडले ते वैद्यकीय पथक. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात पोचली. तेव्हा रक्तात हात बुडवून माणसे वाचवणाऱ्या या कामाशी आपलेही नाते आहे.

आपल्याला युद्धातला डॉक्टर ठाऊक आहे तो सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांच्या रूपाने. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि आपण त्या त्यागापुढे मान लवविली. ‘मॅश’मधले डॉक्टर त्या जातीचे नाहीत. हॉकआय आणि ट्रॅपर जॉन हे दोघे सक्तीच्या भरतीने आलेले. दारू पितात, गणवेश धड घालीत नाहीत, वरिष्ठांना सलाम करायचा कंटाळा करतात, रात्रंदिवस टवाळक्या करतात. कित्येक प्रेक्षकांना हे असभ्य वाटते, आणि त्यात असभ्य पुष्कळ आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी ते थट्टा करतात, पण कामात कसूर करीत नाहीत. जीभ मोकळी सुटलेली असते आणि हात मात्र टाक्यावर असतो.

हे आम्हांला परके वाटले नाही. प्रत्येक कारखान्याच्या उपाहारगृहात साहेबाची हुबेहूब नक्कल करणारा एक गडी असतोच, आणि पुष्कळदा तोच खात्यातला सर्वांत कुशल कारागीर असतो. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे त्याला बिल्ल्याची भीती वाटत नाही.

चित्रपटातला एक प्रसंग फार मोलाचा आहे. मेजर बर्न्स हा हुद्द्याने मोठा, तोंडाने देवभक्त आणि हाताने कच्चा डॉक्टर. त्याचा रोगी दगावतो. तेव्हा तो बून नावाच्या कोवळ्या मदतनिसाला सांगतो की, तूच त्याला मारलेस. पोरगा ते खरे मानतो आणि रडतो. ट्रॅपर जॉन हे पाहतो आणि मेजरला ठोसा लगावतो. बंधूंनो, एका कारखान्यात यंत्रात बोटे गेलेल्या मदतनिसाच्या चौकशीला आम्ही बसलो होतो. यंत्रावरची जाळी महिनाभर काढून ठेवलेली होती. अहवालात मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून आले. त्याहून वाईट हे की त्या पोरालाही ते पटले होते. वरच्याची चूक खाली उतरवायची आणि खालच्याने ती आपली मानायची, ही अधिकाराची फार जुनी रीत आहे. ठोसा हा काही त्यावरचा उपाय नव्हे. पण ती रीत इतकी उघडी करून दाखवणारे चित्र आम्ही क्वचितच पाहिले.

ही दृष्टी कोठून आली? पटकथा लिहिणाऱ्या रिंग लार्डनर धाकटा याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा लेखकांच्या संघटनेतला कार्यकर्ता. १९४७ साली अमेरिकन लोकसभेच्या चौकशी समितीपुढे त्याला उभे केले आणि विचारले की, तू पटकथालेखक संघाचा सभासद आहेस काय? नंतरचा प्रश्न, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आहेस काय? त्याने सरळ उत्तर देण्याचे नाकारले. फॉक्स कंपनीने त्याला नोकरीवरून काढले. १९५० साली, म्हणजे कोरियात युद्ध पेटले त्याच वर्षी, तो तुरुंगात गेला. त्या तुरुंगात त्याला कोण भेटावे? त्याच चौकशी समितीचा माजी अध्यक्ष! हे गृहस्थ सरकारी पगाराच्या पैशांत अफरातफर केली म्हणून शिक्षा भोगत होते. पुढे कित्येक वर्षे लार्डनरला स्वतःच्या नावाने चित्रपट लिहिता आले नाहीत. ‘मॅश’ काढला तो त्याच फॉक्स कंपनीने, आणि १९७१ साली या पटकथेसाठी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. दिग्दर्शकाने संवाद पुष्कळ बदलले हे खरे. पण साहेबी ढोंगाविषयीचा हा राग वाचून आलेला नव्हता, भोगून आलेला होता.

येथवर स्तुती झाली. आता दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे. या चित्रपटातला विनोद नेहमी वरच्यावरच पडतो असे नाही. मेजर हुलिहन ही मुख्य परिचारिका. ती स्नान करीत असताना भोवतीचा तंबू उचलून सगळ्यांपुढे तिची विटंबना केली जाते आणि प्रेक्षकांनी हसावे अशी अपेक्षा असते. ती हुद्द्याने मोठी असेल, शिस्तीची कडक असेल. पण येथे शिक्षा तिच्या हुद्द्याला झालेली नाही, तिच्या स्त्रीपणाला झाली आहे. द्वारसभेत मालकावर टोमणा मारला की सगळे एक होतात. सोबतच्या बाईवर मारला की पुढच्या सभेला निम्मी माणसे येत नाहीत. विनोदाचे बळ कोणावर खर्चावे, हा नुसत्या अभिरुचीचा प्रश्न नव्हे, तो संघटनेचा प्रश्न आहे.

आणि सर्वांत मोठी मर्यादा हो-जॉन नावाच्या कोरियन पोराच्या प्रसंगात दिसते. तो डॉक्टरांच्या तंबूत चाकरीला आहे. त्याला कोरियन सैन्यात भरतीचा हुकूम येतो. हॉकआय त्याला हृदयाचे ठोके वाढवणारे औषध देऊन तपासणीला नेतो, म्हणजे पोरगा नापास होऊन सुटेल. कोरियन डॉक्टर ती युक्ती ओळखतो आणि पोराला ठेवून घेतो. पुढे चित्रपट त्याला विसरून जातो. जे डॉक्टर जपानात तिथल्या कर्नलला पेचात पकडून एका तान्ह्या मुलावर शस्त्रक्रिया करून दाखवतात, त्यांची चलाखी येथे निकामी ठरते. कर्नलला फसवता येते, युद्धाला फसवता येत नाही. शेवटी हॉकआयला घरी जाण्याचा हुकूम येतो आणि तो जीपमध्ये बसून निघून जातो. युद्ध तेथेच राहते. त्या युद्धात कोरियन माणसे लाखांनी मेली. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. शांततेचा तह मात्र अजूनही झालेला नाही.

मग या हसण्याचा उपयोग काय? आमच्या मते उपयोग मोठा आहे, पण तो पहिल्या पायरीचा आहे. भ्यालेला माणूस संघटित होत नाही. हसल्यावर त्याची भीती थोडी ओसरते आणि तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहतो. तेथवर हसणे पोचवते. शस्त्रवैद्य कितीही कुशल असला तरी तो एकेक जखम शिवतो, आणि शिवलेला जवान बरा झाला की पुन्हा आघाडीवर धाडला जातो. जखमा करण्याचा कारखाना बंद करावयाचा असेल तर त्यासाठी तंबूबाहेरच्या माणसांनी, म्हणजे आपण नागरिकांनी, आपापल्या सरकारांना वेळीच जाब विचारावा लागतो. तो विचारणे थट्टेइतके सुखाचे नसते, आणि लार्डनरसारखी त्याची किंमतही मोजावी लागते.

हा चित्रपट आपण जरूर पाहावा आणि मनमोकळे हसावे. हसून झाल्यावर हो-जॉनचे पुढे काय झाले असेल, एवढे मात्र एकमेकांना विचारावे.