एक दाब, एक नोंद



२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. यंत्रांतील बिघाडांच्या तक्रारी आल्या आणि ३० मे रोजी ४९ मतदान केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. बटण दाबणे ही क्षणाची क्रिया; परंतु नोंदीविषयी शंका निर्माण झाली की गाव पुन्हा रांगेत उभे राहते. त्या बिघाडांची कारणमीमांसा हा येथील विषय नव्हे. यंत्र दाब मोजते कसे, हे मात्र शाळेतील साध्या प्रयोगाने दाखविता येते.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेले छोटे संगणकयंत्र. इंटेल कंपनीने १९८० साली आणलेल्या ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकात आज्ञावलीसाठी अवघी ४ किलोबाइट स्मृती होती; या प्रयोगाला तीही पुष्कळ होय. बटण सोडलेले असता चिपला ‘१’ दिसावा व दाबताच ‘०’ दिसावा, अशी जोडणी करावी. चार एलईडी दिवे प्रत्येकी सुमारे ३३० ओहमच्या रोधकातून जोडावेत. दिव्यांची किंमत अनुक्रमे ८, ४, २ व १ मानावी. पाच दाबांनंतर ४ व १ किमतीचे दिवे लागतात. पंधरापर्यंत हिशेब चालतो. सोळाव्या दाबाला सर्व दिवे विझतात. प्रत्येक मोजणीला मर्यादा असते, हा पहिला धडा.

दुसरा धडा चुकीतून मिळतो. चिप बटणाकडे सेकंदाला हजारो वेळा पाहते. म्हणून बोट टेकलेले असेपर्यंत आकडा वाढतच जातो. यावर उपाय असा की, मागील स्थिती स्मरणात ठेवावी आणि ‘१’चा ‘०’ झाला तरच एक मिळवावा. तरीही एका दाबाचे कधी दोन, कधी तीन होतात. कारण बटणातील धातूच्या पट्ट्या जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात. धान खरेदी केंद्रावर काटा हेलकावत असता तोलणारा आकडा लिहीत नाही. त्याचप्रमाणे आज्ञावलीने सुमारे २० मिलिसेकंद थांबून पुन्हा पाहावे व मगच नोंद करावी.

मतदानयंत्रात याहून एक पायरी अधिक आहे. एक मत नोंदले गेले की, मतदान केंद्राध्यक्षाच्या ताब्यातील यंत्रावरून परवानगी मिळेपर्यंत पुढील दाब स्वीकारला जात नाही.

केवळ यंत्रही पुरेसे नसते. केरळातील परूर मतदारसंघात १९८२ साली ५० केंद्रांवर अशी यंत्रे प्रथम वापरली गेली. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते मतदान अग्राह्य ठरविले. कायद्यातील दुरुस्ती १९८८ साली झाली.

गोंदिया जिल्ह्यातील शाळांत चार दिव्यांचा हा प्रयोग झाला, तर उद्याचा मतदार यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणार नाही आणि आंधळा संशयही घेणार नाही. नोंद कशी होते व ती कोठे चुकू शकते, हे तो विचारील. लोकशाहीला अशाच मतदाराची गरज आहे.