अंधार एकच, ओरड वेगळी
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाची वेचणी चालू आहे, ज्वारीची पेरणी तोंडावर आली आहे, तरी तुम्ही घरची कामे टाकून आलात. म्हणून वेळ न घालवता विषयाला हात घालतो. आज मी भावाविषयी बोलणार नाही. लाईट गेली म्हणजे लोक काय करतात, काय बोलतात आणि कुणाला दोष देतात, याविषयी बोलणार आहे.

कुणी म्हणेल, आम्ही कोरडवाहू माणसे, आम्हाला विजेचे काय? पण ज्याच्या विहिरीत तासाभराचेच पाणी आहे त्यालाच त्या तासाची किंमत जास्त. ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर कणीस भरते, नाही मिळाले तर नुसता कडबा हाती येतो. ते एक पाणी ज्या रात्री द्यायचे त्याच रात्री डीपी जळाली, तर वर्षाचा हिशेब तिथेच संपतो.

आता एक गोष्ट सांगतो. साल २०१२. जुलैच्या ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची सगळी वीज गेली. दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, सगळीकडे अंधार. दिवसभरात कशीबशी वीज परत आणली, तर दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी १ वाजता पुन्हा गेली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्वेची आणि ईशान्येची वीजही गेली. ज्या मुलखात ती गेली तिथली लोकसंख्या ६० कोटींवर होती. दिल्लीची मेट्रो बोगद्यात थांबली, शेकडो रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, बंगालच्या कोळसा खाणींत सुमारे दोनशे कामगार जमिनीखाली अडकले. सुदैवाने ते सुखरूप वर आले. त्या लोकांच्या हालांची थट्टा करायला मी उभा नाही. रुग्णालयातला रोगी हा कुणाचा तरी बापच असतो.

मी तेव्हा नोकरीत होतो, बियाण्याच्या कामाने गावोगाव हिंडत होतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी चहाच्या हॉटेलात टीव्ही चालू होता. आपल्या भागाची वीज त्या दिवशी शाबूत होती, म्हणून तर टीव्ही चालला होता. दिल्लीतल्या अंधाराची बातमी सगळे बघत होते. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा मला म्हणाले, "सायेब, आमची लाईट तर रोजच जाती. मग आपली बातमी कधी लागायची?" सगळे हसले. मीही हसलो. रात्री मुक्कामाच्या खोलीवर मात्र झोप येईना. कृषी पदवीच्या चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

लोक काय बोलले ते आता बघा. पहिल्या दिवशी राग आला. तो साहजिक होता. दुसऱ्या दिवशी थट्टा सुरू झाली. महासत्ता व्हायला निघालेल्या देशाला दिवा लावता येत नाही, असे जगभर छापून आले. त्याच ३१ जुलैला केंद्रातले वीजमंत्री, आपल्याच सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, गृहमंत्री झाले. निम्मा देश अंधारात असताना वीजमंत्र्यांना बढती, यावरही लोकांनी तोंडसुख घेतले. आणि मग दोषी कोण याचा शोध सुरू झाला. शोधायला वेळ लागला नाही. शेतकरी सापडला! उत्तरेत पाऊस लांबला होता, पंजाब-हरियाणात भाताला पाणी द्यायला मोटारी चालू होत्या. फुकटच्या विजेवर शेतकऱ्यांनी वीज ओढली आणि देश अंधारात गेला, असे शहाणी माणसे बोलू लागली.

मी शिकलेला माणूस आहे, आपल्या बाजूचे म्हणून खोटे बोलणार नाही. त्या राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली होती, हे खरे आहे. पण पुढचे ऐका.

सरकारने चौकशी समिती नेमली. १६ ऑगस्टला, म्हणजे पंधरवड्याच्या थोडे वर, अहवाल तयार. त्यात जे निघाले ते तुमच्या मोटारीच्या उदाहरणाने सांगतो. तुमच्या स्टार्टरमध्ये रिले असतो. मोटारीवर लोड जास्त आला की तो मोटार बंद पाडतो, म्हणून मोटार जळत नाही. मोठ्या लाईनींनाही असेच रिले असतात. मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरला जाणारी ४०० केव्हीची लाईन त्या रात्री फार लोड वाहत होती, कारण तिच्या बरोबरीच्या लाईनी कामासाठी बंद ठेवल्या होत्या. रिलेला वाटले, लाईनवर बिघाड झाला. बिघाड काहीच नव्हता. रिलेने लाईन तोडली आणि तिचा भार बाकीच्या लाईनींवर पडला.

काळ्या रानात नांगराला चार बैलजोड्या जुंपल्यात असे समजा. एका जोडीचा दोर तुटला तर ओढ उरलेल्या तिघींवर येते. मग दुसरीचा तुटतो, मग तिसरीचा, आणि नांगर जागीच बसतो. वीज तशी बसली. उत्तर जास्त ओढत होती, तशी पश्चिम विभागातली मंडळे ठरल्यापेक्षा कमी वीज घेत होती, म्हणून त्या एकाच लाईनीवरून वीज उत्तरेकडे लोटली जात होती. ओढ कमी करा, असे वरून सांगितले जात होते, पण राज्यांच्या भार केंद्रांनी ते पुरेसे ऐकले नाही. म्हणजे लाईनी बंद ठेवणारे, हुकूम न ऐकणारे आणि चुकीचा बसवलेला रिले, इतके धनी या अंधाराला होते.

आणि शेतीच्या फिडरला कोणत्या तासाला वीज सोडायची, हे कोण ठरवते? शेतकरी ठरवतो का? रात्री १२ वाजता थ्री फेज येणार असे मंडळ सांगते, म्हणून आपण बॅटरी आणि काठी घेऊन साप-विंचवातून बांधाने जातो. हौस म्हणून कोणी जात नाही.

आता माझ्या मनात सलणारी दुसरी गोष्ट. ६० कोटी लोक अंधारात गेले, असे सगळ्यांनी छापले. पण आदल्याच वर्षीची, २०११ ची जनगणना काय सांगते? देशातल्या १०० घरांपैकी ६७ घरांत विजेचा दिवा होता. उत्तर प्रदेशात १०० पैकी ३७ घरांत. बिहारमध्ये १०० पैकी अवघ्या १६ घरांत! म्हणजे त्या ६० कोटींतल्या कितीतरी माणसांच्या घरात ३१ जुलैची संध्याकाळ ३० जूनच्या संध्याकाळीसारखीच होती. चिमणी तीच, रॉकेल तेच. त्यांची वीज गेलीच नाही, कारण ती कधी आलीच नव्हती. पण मोजताना त्यांना धरले. नंतरच्या वर्षांत घरोघर तारा पोचल्या, हे कबूल केले पाहिजे. पण तार पोचणे वेगळे आणि तारेत करंट असणे वेगळे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घरचे उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी १० च्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या. मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी चौकशीचा आदेश दिला, आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक ठिकाणी वीज आली. हे योग्यच झाले. माझे म्हणणे एवढेच, की आपल्या गावची डीपी जळून आठ दिवस होतात तेव्हा चौकशी सोडा, लाईनमन फोनसुद्धा उचलत नाही. माझ्या स्वतःच्या गावी एका हंगामात ज्वारी पोटरीत असताना डीपी गेली. पोरांनी वर्गणी काढली, ट्रॅक्टर लावला, जळालेली डीपी स्वतः नेली आणि दुसरी आणली. ती सुरू झाली तोवर ज्वारीची पाने वळून गेली होती. त्याची बातमी कुठेच नाही, कारण आम्ही ती कुठे लिहूनच ठेवली नाही.

भावांनो, खरी गोम इथे आहे. त्यांची वीज गेली की ती घटना होते, कारण त्यांच्याकडे मिनिटामिनिटाची नोंद असते. आपली वीज गेली की ती सवय होते. चहाच्या हॉटेलात आपण शिव्या देतो, हसतो आणि घरी जातो. सवयीची चौकशी कोणतेही सरकार करत नाही.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाईन जोडली गेली, आणि दक्षिणही बाकी देशाशी एका लयीत आली. आता सगळा देश एकाच जुवाखाली आहे. पुढे असा काही प्रसंग आला तर आपली मोटार आरोपीच्या पिंजऱ्यात पहिली उभी राहील. तेव्हा हातात पुरावा असला पाहिजे.

म्हणून तीन कामे सांगतो. पहिले, प्रत्येक डीपीवर एक वही. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, थ्री फेज किती तास मिळाली, रोज लिहायचे. आपल्या मायबहिणी बचत गटाचा हिशेब पैशापैशाने ठेवतात, ही वहीही त्यांच्याच हाती द्या. दुसरे, तक्रार तोंडी नको. लेखी द्या आणि पोच घ्या. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचा दर्जा ठरवून दिलेला आहे आणि तो न पाळल्यास ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. पण मागितल्याशिवाय ती कुणी घरी आणून देत नाही. तिसरे, दिवसा वीज. सौर फिडरवर काही गावांना ती मिळू लागली आहे. तुमच्या गावाचा नंबर कधी, हे लेखी विचारा.

पुढच्या बैठकीला येताना भाकरीबरोबर ती वही आणा. सगळ्या गावांच्या वह्या या टेबलावर ठेवू आणि बेरीज करू. मग त्या आजोबांना सांगता येईल, की आबा, आपली बातमी आता आपणच लिहिली आहे.

एवढे बोलून थांबतो.